विज्ञानकथेला कचेरीचे वावडे का?

१

मराठी विज्ञानकथेची उपेक्षा कोणी केली, असा प्रश्न निघाला की तिचे कैवारी तत्काळ समीक्षकांकडे बोट दाखवितात. समीक्षकांनी तिला वाङ्मयाच्या माजघरात कधी घेतलेच नाही, मुलांच्या पुस्तकांबरोबर ओसरीवर बसवून ठेवले, अशी त्यांची तक्रार असते. ही तक्रार निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले होते. परीक्षकांनी कथेकडे पाहावे, कर्त्याच्या कीर्तीकडे पाहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेचे नवे पर्व तेथून मोजण्याची प्रथा पडली. पुढे बरोबर चाळीस वर्षांनी, २०१४ साली, साहित्य अकादमीने नारळीकरांचा गौरव केला. परंतु तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राबद्दल, कथांबद्दल नव्हे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले, आणि नाशिकचे ते संमेलन चौऱ्याण्णवावे होते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. मराठी वाङ्मयाने या प्रकाराला दार उघडण्यास किती विलंब लावला, हे एवढ्या चार तारखांवरून कळून यावे.

तथापि माझा वाद समीक्षकांशी नाही. त्यांच्या उदासीनतेने विज्ञानकथेचे जेवढे नुकसान झाले त्याहून अधिक नुकसान तिच्या हितचिंतकांनी केले आहे, असे माझे म्हणणे आहे. या हितचिंतकांचा एक ठराविक सिद्धान्त आहे. विज्ञानकथा हे विज्ञानप्रसाराचे साधन होय; विज्ञान ही कडू गोळी आणि कथा ही तिच्यावरची साखर, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले. ऐकावयास हे मोठे लोकहिताचे वाटते. वस्तुतः या एका वाक्याने विज्ञानकथेची स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून असलेली योग्यता काढून घेतली आणि तिला शिकवणीच्या मास्तरांची नोकरी दिली. ज्या कथेचे काम गोळी गिळविणे एवढेच, ती गोळीविषयी शंका कशी घेणार? गोळी कोणी बनविली, कोणाला दिली, कोणाला नाकारली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न ती विचारणार कोठून?

आणि माझ्या मते विज्ञानकथेचे आजचे खरे काम हेच प्रश्न विचारण्याचे आहे. मराठी विज्ञानकथा वेधशाळेत आणि प्रयोगशाळेत रमली. आपल्या समाजाचे जीवन ज्या यंत्रविद्येने पालटले ती मात्र प्रयोगशाळेतून थेट कोणाच्या अंगणात उतरलेली नाही. ती कचेरीतून आली आहे. शासननिर्णय, निविदा, करारनामा, नमुना-अर्ज आणि अंगठा या वाटेने ती आली आहे. या वाटेवर विज्ञानकथेने पाऊल ठेवले नाही, हा तिच्यावरचा माझा मुख्य आरोप होय.

२

आरोप करण्यापूर्वी तिचे ऋण मान्य करणे न्यायाचे आहे. आणि आपणां परप्रांतस्थ मराठी जनांना तर त्यात थोडा अभिमानही वाटावा. जूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप १९०० सालच्या सुमारास ज्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले ते 'केरळ कोकिळ' हे मासिक १८८६ साली कोचीनला, कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या संपादकत्वाखाली जन्मास आले होते. म्हणजे मराठी वाचकाला चंद्रावर नेण्याचे धाडस मूळ मलबारच्या किनाऱ्यावरच्या एका मासिकाने केले. त्यानंतर भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर प्रभृतींनी स्वतंत्र कथेची परंपरा उभी केली. ही सामान्य कामगिरी नव्हे.

नारळीकरांची पानिपतावरची कथा घ्या. केंद्रीय विद्यालयांतून शिकणारी आपली मुले ती अनेक वर्षे अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावाने वाचीत आली आहेत, आणि आईबापांना ती मुळात मराठी कल्पना आहे हे बहुधा ठाऊकही नसते. गंगाधरपंत गायतोंडे नामक इतिहासाचे प्राध्यापक अशा एका मुंबईत जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ साली विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाजवळून निघून गेलेली आहे आणि मराठे पानिपत जिंकलेले आहेत. या कथेत यंत्र नाही, यान नाही. एक ग्रंथालय आहे, काही इतिहासग्रंथ आहेत आणि एक 'जर' आहे. त्या एका 'जर'च्या बळावर अवघा समाज पालटून दिसतो. विज्ञानकथेची खरी शक्ती कोठे असते ते यावरून ध्यानात येईल. एका गोष्टीत बदल करावा आणि मग सत्याला धरून, न भिता, त्याचे परिणाम शेवटापर्यंत न्यावेत, ही ती शक्ती.

दुर्दैव असे की, गुरूने दाखविलेल्या दोन वाटांपैकी शिष्यांनी सोपी तेवढी उचलली. दिवाळी अंकांतून येणारी सरासरी विज्ञानकथा आठवून पाहा. एक विख्यात शास्त्रज्ञ असतो. त्याला एक जिज्ञासू भाचा किंवा पत्रकार मित्र असतो, ज्याला काहीच ठाऊक नसते आणि म्हणून सर्व काही समजावून सांगता येते. एक शोध लागतो. एक परकीय हेर किंवा एक लोभी उद्योगपती तो पळवू पाहतो. शेवटच्या पानावर शास्त्रज्ञ एक लहानसे व्याख्यान देतो आणि कथा संपते. या सर्व व्यवहारात सरकार म्हणून जे असते ते उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यापुरते, आणि कारकून असलाच तर शास्त्रज्ञाचा अर्ज अडवून ठेवण्यापुरता. अपवाद असतील, आहेतही. परंतु अपवादाने सरासरी झाकली जात नाही.

आश्चर्य याचे वाटते की मराठी लेखकाला सत्तेचे आणि कचेरीचे जग अपरिचित आहे असे मुळीच नाही. अरुण साधूंनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांत ते जग किती बारकाईने उभे केले हे सांगावयास नको. त्याच साधूंनी 'विप्लवा' ही विज्ञानकादंबरीही लिहिली. म्हणजे दोन्ही दालने एकाच घरात होती; परंतु मराठी वाङ्मयात त्या दोन दालनांमधले दार उघडून कोणी वावरू लागले नाही. एका खोलीत सत्ता राहिली, दुसरीत विज्ञान. आणि प्रत्यक्ष जगात मात्र ती दोघे केव्हाच एका नस्तीत येऊन बसली.

३

ही नस्ती पाहावयाची असेल तर रायपूरसारखे दुसरे ठिकाण नाही. मुंबई-पुण्याच्या लेखकाला हा प्रदेश तांदूळ, जंगल आणि बदलीचा हुकूम यांपलीकडे आठवत नाही. भिलाई म्हटले की फार तर ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी आणि तिच्या उभारणीस आलेले रशियन अभियंते आठवतात. लोखंडाचा तो लाल रस डोळे दिपवितो हे खरे. पण डोळे दिपविणाऱ्या गोष्टींविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी येथे तीन न दिपविणाऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट १९२० सालची. धमतरीजवळ कंडेल नावाचे गाव आहे. महानदीच्या कालव्यांचे नवे जाळे तेव्हा या भागात पसरत होते. जवळच माडमसिल्लीला १९१४ ते १९२३ या काळात जे धरण बांधले गेले त्याचे आपोआप वाहू लागणारे सायफन सांडवे आशिया खंडात पहिले मानले जातात. पाणी आपोआप वाहण्याची सोय झाली होती. शेतकऱ्याची संमती मात्र आपोआप वाहत नव्हती. पाटबंधारे खात्याचा आग्रह असा की गावाने पाण्यासाठी दहा वर्षांचा करार करावा. गाव राजी होईना. तेव्हा ऐन पावसाळ्यात, आकाशातून पाणी कोसळत असताना, गावाने कालव्याचे पाणी चोरले असा ठपका ठेवून चार हजारांवर रुपयांचा दंड बसविण्यात आला. दंड भरला नाही म्हणून जनावरे जप्त झाली. ती बाजारोबाजार लिलावास फिरविली, पण बोली बोलावयास कोणी पुढे येईना. या सत्याग्रहाच्या नेत्यांत पंडित सुंदरलाल शर्मा आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या बरोबरीने नारायणराव मेघावाले हे आपले मराठी गृहस्थ होते. गांधीजी येणार ही वार्ता पसरल्यावर सरकारने दंड मागे घेतला, असा इतिहास या भागात सांगितला जातो.

आता योगायोग पाहा. त्याच १९२० साली तिकडे प्राग येथे कारेल चापेकने एक नाटक प्रसिद्ध केले आणि त्यातून जगाला 'रोबो' हा शब्द मिळाला. चेक भाषेतील ज्या शब्दापासून तो आला त्याचा अर्थ वेठ, बिगार. यंत्रमानव या कल्पनेच्या पोटात पहिल्या दिवसापासून 'कोण कोणाला राबवितो' हा प्रश्न बसलेला आहे, आणि तो चापेकला जसा दिसला तसा कंडेलच्या शेतकऱ्यालाही दिसला होता. आपण चापेकचा यंत्रमानव उचलला, त्याला कवायत शिकविली, दिवे लावले, आणि त्याच्या पोटातला प्रश्न मात्र काढून ठेवला.

दुसरी गोष्ट तांदळाची. डॉ. रिछारिया या भातशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात रायपूरला राहून, गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांकडच्या देशी वाणांचे नमुने गोळा केले. सुगंधी, लवकर पिकणारे, पाण्यात उभे राहणारे, औषधी म्हणून सांभाळलेले असे सुमारे १९ हजार नमुने त्या संग्रहात जमले. त्यांची संस्था पुढे बंद झाली. संग्रह येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. २००२ साली सिंजेंटा या बीजव्यवसायातील परदेशी कंपनीबरोबर या संग्रहासंबंधी सहकार्याचा करार होऊ घातला आहे असे बाहेर आले. छत्तीसगडात त्याला कडाडून विरोध झाला. आणि त्याच वर्षअखेर कंपनीने अंग काढून घेतले. एका कपाटात १९ हजार वाणांचे भवितव्य ठेवलेले आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी हे एका टिपणीच्या तळाशी होणाऱ्या सहीवर ठरणार आहे, याहून विलक्षण विज्ञानकथेचे बीज कोणते? तरीही या बीजावरची मराठी कथा माझ्या वाचनात आलेली नाही. मंगळावरच्या शेवाळावरच्या मात्र चार वाचल्या आहेत.

तिसरी गोष्ट आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलावरून गेलेली आहे. २००४ साली छत्तीसगड सरकारने रेशनची दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिलांचे बचतगट यांच्याकडे सोपविली. २००७ पासून धान्यखरेदीपासून वाटपापर्यंतचा हिशेब संगणकावर आला. धान्य नेणारे ट्रक पिवळे रंगविले, म्हणजे वाटेत भलतीकडे वळले तर गावकऱ्याच्या नजरेस पडावेत. ट्रक गोदामातून निघाला की नोंद केलेल्या नागरिकांच्या फोनवर निरोप जाऊ लागला. २०१२ मध्ये रायपूर शहरात कोणत्याही दुकानातून धान्य उचलण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षअखेर राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. ज्या व्यवस्थेची चोरीसाठी दुष्कीर्ती होती ती देशात नमुना म्हणून दाखविली जाऊ लागली. यात पिवळ्या रंगाचा वाटा संगणकाहून कमी नव्हता. आणि रंग व संगणक यांच्याही आधी, दुकान कोणाच्या हाती असावे याचा निर्णय झाला होता.

आता शेजारचे राज्य पाहा. झारखंडात रेशनसाठी आधारची जोडणी आणि अंगठ्याचे यंत्र सक्तीचे झाले. ज्यांच्या बोटांवरच्या रेषा माती, दगड आणि विटा वाहून झिजल्या त्यांचा अंगठा यंत्र ओळखीना. २०१७ साली सिमडेगा जिल्ह्यात एक मुलगी दगावली. तिच्या कुटुंबाचे शिधापत्र आधारशी न जोडल्यामुळे रद्द झाले होते. मृत्यू भुकेने की आजाराने, यावर सरकार आणि कार्यकर्ते यांचा वाद झाला. शिधापत्र रद्द झाले होते यावर झाला नाही. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारचा कायदा बहुमताने बव्हंशी वैध ठरविला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र आपले विरोधी निकालपत्र लिहिले आणि व्यक्तीचे हक्क गणिती संभाव्यतेवर टांगून ठेवता येणार नाहीत, असा आशय त्यात मांडला. 'मनुष्य समोर उभा आहे आणि यंत्र म्हणते तो नाही' — हा प्रसंग मराठी विज्ञानकथाकाराने कल्पिला असता तर त्याला आपण प्रतिभावान म्हटले असते. तो न्यायालयाच्या कागदपत्रांत सापडतो, कथेत सापडत नाही.

दोन राज्ये, एकच संगणक, दोन परिणाम. यंत्र तेच होते. त्याला विचारलेला प्रश्न निराळा होता. छत्तीसगडातल्या यंत्राला विचारले होते, 'धान्य कोठे गेले?' झारखंडातल्या यंत्राला विचारले, 'हा माणूस खरा आहे काय?' पहिल्या प्रश्नात संशय वरच्यावर होता, दुसऱ्यात खालच्यावर. यंत्राच्या अंतरंगात कितीही डोकावले तरी हा फरक सापडणार नाही. तो टिपणीत सापडेल.

४

विज्ञानकथेत कचेरी येऊ लागली तर तिच्यातला अद्भुतरस आटेल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. त्यांना मी एका इंग्रज लेखकाची आठवण देतो. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. माळव्यातल्या त्या पवार संस्थानाच्या मराठी दरबारात त्याने जे पाहिले त्यावर त्याने पुढे पुस्तकही लिहिले. परंतु या चिटणिशीच्या बारा वर्षे आधी, १९०९ साली, त्याने 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा लिहिली होती. तीत माणसे भूमीच्या पोटात, मधमाशीच्या घरासारख्या एकेका कोठडीत राहतात. एकमेकांना पडद्यावर पाहतात. अन्न, वारा, संगीत, औषध सर्व काही एक महायंत्र पुरविते. हे भाकीत पुष्कळांना ठाऊक आहे. पण कथेचा मर्मभेदक भाग पुढे आहे. यंत्र बिघडू लागते. संगीतात मध्येच उसासे ऐकू येतात, स्नानाच्या पाण्याला घाण येते. लोक तक्रार करतात. तक्रार ऐकावयास दुरुस्तीची एक समिती असते. ती सांगते की आपले म्हणणे यथावकाश वरिष्ठ समितीकडे पाठविण्यात येईल. मग हळूहळू लोकांना उसाशांची आणि घाणीची सवय होते; आणि एके दिवशी यंत्र थांबते.

फॉर्स्टरला यंत्रशास्त्र फारसे अवगत नव्हते. त्याला समिती अवगत होती. बिघाड आणि विनाश यांच्या दरम्यान एक पत्रव्यवहार असतो, हे त्याने ओळखले होते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची ही कथा ज्याने कधी अनुपालन अहवाल लिहिला आहे त्याच्या अंगावर आजही काटा आणते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आणि आपल्या अधिक जवळचे आहे. भागलपूरचे एक डेप्युटी मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर गेले असता त्यांच्या पत्नीने घरी वेळ जावा म्हणून इंग्रजीत एक कथा लिहिली. ती रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ साली ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. तीत स्त्रिया विद्यापीठे चालवितात, ढगांतून पाणी काढतात, सूर्याच्या उष्णतेने शत्रूला परतवितात; आणि पुरुष पडद्यात बसलेले असतात. नवऱ्याने परत आल्यावर ती उभ्याउभ्याच वाचून काढली, आणि हा तर भयंकर सूड आहे, असा अभिप्राय दिला, अशी आख्यायिका आहे. बदलीच्या गावी, सरकारी बंगल्यात, बाहेरच्या जगाला वर्ज्य असलेल्या एका बुद्धिमान स्त्रीने हे लिहिले. कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हे. सूर्यशक्तीचा प्रसार व्हावा म्हणून तिने ते लिहिले नाही. सूर्यशक्ती कोणाच्या हाती असेल, याविषयी तिला काही म्हणावयाचे होते.

५

आता अपेक्षित आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप : अशी कथा म्हणजे सामाजिक कथाच, तिला विज्ञानकथा का म्हणावे? उत्तर असे की सामाजिक कथा जे आहे ते दाखविते. विज्ञानकथा त्याच्या पुढचे पाऊल टाकून दाखविते. अंगठा न जुळल्याने एका दिवशी धान्य न मिळालेली स्त्री हा वास्तववादी कथेचा विषय झाला. अंगठा न जुळणाऱ्यांची एक स्वतंत्र वस्ती, तिचे कायदे, तिचे चलन आणि एके दिवशी 'आम्ही नाहीच, तर कर कोणी भरावा?' असा तिने पाठविलेला अर्ज, हा विज्ञानकथेचा विषय. नियम आजचाच, केवळ त्याला शेवटपर्यंत चालू दिला.

दुसरा आक्षेप : यंत्राविषयी अशी शंका पसरविल्याने वैज्ञानिक दृष्टीचे नुकसान होईल. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे, याचे स्मरणही हे गृहस्थ करून देतील. मी त्यांना उलट विचारतो : पुरावा मागणे ही जर वैज्ञानिक दृष्टी असेल, तर बाबाबुवाकडे पुरावा मागावा आणि यंत्राकडे मागू नये, हा कोणता न्याय? 'संगणकाने सांगितले' या वाक्यापुढे जो विनातक्रार मान लववितो त्याने देव बदलला आहे, दृष्टी बदललेली नाही. साखर लावून दिलेल्या विज्ञानाने आपल्याकडे नेमके हेच भक्त निर्माण केले. मुलाला अग्निबाणाचे सर्व भाग तोंडपाठ असतात. परंतु गावातल्या कालव्याचे पाणी वरच्या शेताला आधी का जाते, असे विचारले की तो गप्प होतो.

तिसरा आक्षेप आपणांपैकी पुष्कळांच्या ओठांवर असेल : आम्ही सरकारी नोकर, आम्ही असे लिहावे कसे? आक्षेप गंभीर आहे, म्हणून नियमच पाहू. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नववा नियम शासनावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो. पण तो कशावरच्या टीकेला? सरकारच्या चालू किंवा नजीकच्या काळातल्या धोरणावरील आणि कृतीवरील टीकेला. भविष्यकाळावर टीका करू नये असे त्या नियमात कोठेही म्हटलेले नाही. इसवी सन २०९० मधल्या एखाद्या खात्याच्या परिपत्रकावर कथा लिहावयास कोणत्याही वरिष्ठाची पूर्वपरवानगी लागू नये. नियमांची भीती बाळगून मौन धरलेल्या वर्गासाठी जणू मुद्दाम घडविलेला असा हा एकमेव वाङ्मयप्रकार आहे, आणि आपण तो खगोलशास्त्रज्ञांना आंदण देऊन बसलो आहोत. रशियातल्या स्त्रुगात्स्की बंधूंना ही युक्ती पुरती ठाऊक होती. १९६५ साली त्यांनी जादूटोण्यावर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेची कथा लिहिली आणि तिच्यातून आपल्याकडच्या सर्व संशोधनखात्यांची, त्यांच्या फॉर्मांची आणि प्राध्यापकांची जी रेवडी उडविली ती वर्तमानपत्रातून उडविणे त्यांना शक्य नव्हते.

६

या विषयाला आज निकड आली आहे ती एका नव्या कारणाने. गेल्या काही वर्षांत अशी यंत्रे आली की जी वाक्ये लिहितात. पत्राचा मसुदा, प्रकरणाचा गोषवारा, येथल्या भाषेत ज्याला नोटशीट म्हणतात तीसुद्धा, ती क्षणार्धात करून देतात. आणि ज्याच्या टेबलावर नस्त्यांची चळत आहे त्याला ती नको असतील असे म्हणणे दांभिकपणाचे होईल. आजवर यंत्र टिपणीतून येत होते. आता टिपणीच यंत्रातून येऊ लागली आहे. यापुढे 'वरील विवेचनावरून अर्ज फेटाळण्यात यावा' असे यंत्राने सुचविले आणि खाली एका थकलेल्या अधिकाऱ्याने सही केली, तर तो निर्णय कोणाचा? अर्जदाराने दाद मागावी ती कोणाकडे? यंत्र जबाबदारी घेणार नाही, कारण त्याला पद नाही. अधिकारी म्हणेल, सर्व जण असेच करतात. वरिष्ठ म्हणतील, प्रणाली शासनमान्य आहे. फॉर्स्टरची दुरुस्तीसमिती ती हीच. यंत्रमानव माणसाविरुद्ध बंड करील की काय, या चर्चेत आपले कथाकार अजून गुंतले आहेत. मला भय बंडाचे वाटत नाही. यंत्र अतिशय आज्ञाधारक राहील आणि त्या आज्ञाधारकपणाच्या आड माणसे आपापली सही लपवतील, याचे वाटते.

ही कथा कोण लिहिणार? शास्त्रज्ञ लिहू शकणार नाही; त्याने शोध लाविला की त्याचा कागद पुढे जातो. पुण्या-मुंबईचा व्यावसायिक कथाकार लिहू शकणार नाही. त्याने बारनिशीची खोली पाहिलेली नसते. ती लिहिण्याची खरी पात्रता आपल्या वर्गाकडे आहे. परक्या मुलखात बदलून येणे, तेथल्या भाषेचे, पिकांचे आणि माणसांचे काहीच ठाऊक नसताना त्यांच्याविषयी निर्णय घ्यावे लागणे, आणि ठाऊक होऊ लागते तोच पुढच्या बदलीचा हुकूम हाती पडणे, हा अनुभव परग्रहावर उतरणाऱ्या कोणत्याही अंतराळवीराच्या अनुभवाहून कमी अद्भुत नाही. फरक इतकाच की अंतराळवीराकडून चुकले तर त्याचे यान बुडते. आपल्याकडून चुकले तर गाव बुडते, आणि आपण तोवर दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

या भूमीत मराठी माणसाने असे काम पूर्वी केलेले आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याच्या प्रकाशनात होते. सप्र्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले, आणि १९०१ साली त्याच मासिकात त्यांनी जी एक लहानशी कथा छापली ती हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. ती आहे एका जमीनदाराची आणि त्याने बळकाविलेल्या झोपडीच्या जागेची. त्या विधवेच्या टोपलीभर मातीचा भार त्याला उचलवत नाही. सरकारी नोकरी नाकारून सप्रे पत्रकार झाले, हे खरे. आपण सर्वांनी राजीनामे द्यावेत अशी माझी सूचना नाही. परंतु माती, कागद आणि सत्ता यांचा संबंध एका मराठी माणसाला याच मुलखात राहून दिसला आणि त्याने त्याची कथा केली, एवढे तरी आपण स्मरावे.

म्हणून या मासिकाच्या संपादकांना माझी विनंती आहे की येत्या दिवाळी अंकात विज्ञानकथेसाठी पाने राखून ठेवावीत आणि एक अट घालावी : कथेत अंतराळयान नसावे, आणि शास्त्रज्ञ असलाच तर त्याने व्याख्यान देऊ नये. विषय हवे असल्यास तीन देतो. १९ हजार वाणांच्या कपाटाची किल्ली हरवली आहे आणि तिचा पंचनामा करावयाचा आहे. पावसाच्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवणारे यंत्र बसले आहे आणि कंडेलला पुन्हा एकदा पाण्याचे बिल आले आहे. आणि एका कार्यालयात यंत्राने लिहिलेली टिपणी वाचून एका कनिष्ठ लिपिकाने समासात 'असहमत' असा शेरा मारला आहे. आता त्या लिपिकाचे काय करावे, यासाठी वरिष्ठांची बैठक भरली आहे. या बैठकीचे कार्यवृत्त लिहिण्यास आपल्याहून योग्य माणूस कोठे मिळणार?